नाताळच्या पावासाठी सोनईपर्यंत

काष्टीच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले तेव्हा अजून उजाडायचं होतं. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात तुपाचा डबा. वाटेत सांडू नये म्हणून आत्याबाईंनी डब्याचं झाकण कणकेनं लिंपायला लावलं होतं आणि वर फडकं बांधलं होतं. मी आजवर एकटी एसटीत बसले नव्हते. माहेरी जायचं झालं तरी कोणीतरी न्यायला यायचं, मग मी त्यांच्या मागे मागे. या वेळी पुढे कोणी नव्हतं. थंडीने हात गारठले होते, पण मला घडीभर एका जागी उभं राहवेना.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. भादव्यात त्यांना ताप भरला. जाताना तो ताप त्यांची अन्नावरची वासना घेऊन गेला. भाकरी कुस्करून दिली तरी नको, मऊ भात नको, पेजेचे दोन घोट घेऊन तोंड फिरवायच्या. "माती लागती गं तोंडाला," एवढंच म्हणायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. औषधं झाली, अंगारे झाले. आम्ही सगळे हरलो होतो.

अशात मार्थाबाईंचं कार्ड आलं. मार्थाबाई आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स होत्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. पेन्शन झाल्यावर त्या सोनईजवळच्या आपल्या वाडीला गेल्या. 'हौसा, या नाताळला नक्की ये,' असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं, तर त्या भिंतीचा आधार घेऊन उठून बसल्या.

"तिचा भाऊ त्यो पाव करतो न्हवं नाताळाला? मनुकं घातल्याला? लई सांगायची त्याचं. मऊ असतो म्हनं, दात नसलं तरी चालतंय."

"हो, पण त्यात अंडं असतं म्हणाल्या होत्या." आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं येत नाही.

"तिला म्हनावं बिनअंड्याचा कर. माझ्यासाठी करील ती. जा, घेऊन ये."

चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही खायला मागितलं होतं. आमचे घरधनी बाहेरून म्हणाले, "लोकं काय म्हनतील, नाताळाला निघाली म्हनून?"

"लोकांनी मला एक घास भरवलाय का?" आत्याबाई म्हणाल्या. "तिच्या हातानं ही दोनदा बाळंत झाली. आता तिच्या हातचं खायाला कुनाला इचारायचं?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. पण माझं जायचं ठरलं.

नगरला उतरले तेव्हा डोळे दिपून गेले. बांगलादेशची लढाई थांबून आठवडासुद्धा झाला नव्हता. स्टँडवर जिकडे पाहावं तिकडे जवान, त्यांच्या पत्र्याच्या पेट्या, वळकट्या. लढाईत रात्री दिवा बाहेर दिसू नये म्हणून दुकानदारांनी काचांना काळे कागद चिकटवले होते. ते आता ओल्या फडक्याने खरवडून काढायचं काम चाललं होतं. एका दुकानात बांबूच्या कामट्यांच्या आणि पतंगाच्या कागदाच्या मोठमोठ्या चांदण्या टांगल्या होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. नाताळला ख्रिस्ती माणसं दारात अशी चांदणी लावतात. मी तिथेच उभी राहून बघत बसले आणि सोनईची गाडी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली. कोणाला हाक मारायचं धाडस झालं नाही. दुसरी गाडी येईपर्यंत घरून आणलेली दशमी खाल्ली. चहा हवासा वाटत होता, पण चहावाल्याला सांगायला लाजले.

पुढचा रस्ता मात्र असा होता की लाज, भूक सगळं विसरले. इमामपूरच्या घाटात गाडी कण्हत कण्हत चढली आणि एकदम खाली सगळा मुलूख उघडा पडला. ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं अजून पानांत दडलेली, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा, विहिरीजवळ उसाचे तुकडे. आमच्याकडेही हेच पिकतं. पण खिडकीतून पळताना ते कुणा दुसऱ्याच्या देशातलं वाटत होतं.

सोनईला मार्थाबाईंचे भाऊ याकोबदादा न्यायला येणार होते. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. स्टँडबाहेर एक बैलगाडी सोडलेली होती. तिच्याजवळ जुना मिलिटरीचा कोट घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. हेच असावेत असं वाटत होतं, पण परक्या माणसाला विचारायचं कसं? मी पदर कपाळापर्यंत ओढून झाडाखाली बसले. ते माझ्याकडे बघत आणि मी बघितलं की आभाळाकडे बघत. असा बराच वेळ गेला. शेवटी ते उठले आणि बैलाला मोठ्यांदा म्हणाले, "काय रं सर्ज्या, काष्टीची पाव्हनी काय आली न्हाई वाटतं. ह्या झाडाखालच्या बाईला इचारावं म्हनतो, पर ती आपल्याला चोर समजायची. चल, जाऊ परत."

"मीच काष्टीची," मी कसंबसं म्हणाले.

"मंग बोलायचं न्हाई व्हय! सर्ज्यानं केव्हाच वळखलं हुतं."

वाडीत शिरताना दिवस कलला होता. दहा-पंधरा घरं, मध्ये पांढरं धुतलेलं छोटं चर्च. दारादारांवर चांदण्या लटकत होत्या. लढाईमुळे यंदा दिवे लावता येतात की नाही याची सगळ्यांना धास्ती होती म्हणे, आणि आता परवानगी मिळाल्यावर जो तो हौसेने वाती वळत होता. मार्थाबाईंनी दारातच मला कवेत घेतलं. मी तुपाचा डबा पुढे केला आणि आत्याबाईंचं मागणं सांगितलं. सगळं एका दमात. मार्थाबाईंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"म्हातारीनं तोंडानं मागितलं?"

"हो."

"मग होणार. बिनअंड्याचा, तिच्याच गाईच्या तुपाचा."

संध्याकाळी ओसरीवर करंज्या करायला बसलो. मला वाटलं होतं नाताळचं काहीतरी वेगळंच असेल. पण तेच पोळपाट, तेच कातणं, शेव, लाडू, चकल्या. आमच्या दिवाळीचा फराळ जणू थंडी वाढल्यावर परत आलेला. मी करंजीला मुरड घालायला लागले तशी शेजारची शांताबाई म्हणाली, "अगं ही तर आपल्यासारखीच करती!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. तिथून माझी भीड जरा चेपली.

हात चालू होते आणि गोष्टी चालू होत्या. मार्थाबाई तरुणपणी नगरला एका विलायती मडमेच्या हाताखाली शिकल्या. ती मडम नाताळचा गोड गोळा (सुक्या मेव्याचा, वाफवलेला) महिनाभर आधी करून ठेवायची आणि नाताळच्या दिवशी त्याच्यावर दारू ओतून काडी लावायची.

"पेटवायचा? आणि मग खायचा?" मी विचारलं.

"निळा जाळ निघतो नुसता. आम्ही पोरी टाळ्या वाजवायचो."

आमच्या आत्याबाई तिथे असत्या तर त्यांनी घागरभर पाणी ओतलं असतं. दवाखान्यातल्या गोव्याच्या डॉक्टरांकडे नाताळला दोदोल (नारळाचं दूध आणि गुळाची मऊ वडी) असायची, आणि आपल्या करंजीलाच ते नेवरी म्हणायचे. इतक्या मुलखांत एकाच दिवशी इतक्या चुली पेटतात, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि पाव?" मी याकोबदादांकडे बघून विचारलं. त्यांच्याशी मी आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य.

ते चांदणीच्या कामट्या बांधत होते. "त्यो इटलीचा," ते म्हणाले. "मोठ्या लढाईत आमची पलटन तिकडं हुती. डोंगरातलं गाव. बर्फ असा, कापूस पिंजून टाकल्यावानी. नाताळाचा दिस, आनि आमी भिजून बोळा झाल्यालो. एका म्हातारीनं दार उघडलं. तिची भाषा मला न्हाई, माझी तिला न्हाई. मी गळ्यातला क्रूस दावला. तिनं चुलीम्होरं बसवलं आन् गोल पावाचा तुकडा दिला. मऊ, गोड, आत मनुकं. मी रडाया लागलो तर आनखी एक तुकडा दिला. तिला वाटलं भुकंनं रडतोय."

"मग कशानं रडत होता?" शांताबाईने विचारलं.

"भुकंनंच की!" ते म्हणाले, आणि ओसरी हसण्याने भरून गेली. पण त्यांनी मान खाली घालून कामटीची गाठ दोनदा बांधली.

गावी परतल्यावर तसा पाव करायला त्यांनी सोनईच्या बेकरीवाल्याला गळ घातली. दोन-तीन नाताळ नुसता दगड निघाला. मग जमला. आता वाडीतलं प्रत्येक घर तो करतं आणि त्याला 'याकोबचा पाव' म्हणतं.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या आदल्या दिवशी, आम्ही सगळ्या बायका गाडीत बसून सोनईच्या बेकरीत गेलो. इकडची रीत अशी की मैदा, साखर, तूप, मनुका आपल्या घरच्या न्यायच्या, खमीर बेकरीवाल्याने द्यायचं, पीठ तिथेच मळायचं आणि त्याच्या भट्टीत भाजून घ्यायचं. बेकरीवाले चाचा, लाल मेंदीची दाढी, अंगात बनियन, कपाळावर पीठ. आत भट्टीची धग आणि खमिराचा आंबूस गोड वास. दिवाळीच्या आदल्या रात्री घर जसं फुलतं तशी ती बेकरी फुलली होती. बायका एकमेकींच्या पिठात डोकावत होत्या, "मनुका कमी घातल्या गं!", "तुझ्या नवऱ्याला सांग आणायला!"

मार्थाबाईंनी आत्याबाईंच्या पावासाठी कोपऱ्यात वेगळी जागा केली. परात राखेने घासून, वर उकळतं पाणी ओतून आणली होती. अंड्यांची टोपली पार दुसऱ्या टोकाला. मळायला मलाच बसवलं. "तुझ्या हाताला अंडं लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. दुधात खमीर, आमचं तूप, वेलची. मी जीव ओतून मळलं. ऊब धरून तो गोळा फुगला तेव्हा मी त्याच्याकडे अशी बघत राहिले, जशी पाळण्यातल्या लेकराकडे बघावं.

भाजायची वेळ झाली. लांब फळीवर सगळ्या घरांचे पाव ओळीने मांडले. आमचा सगळ्यात शेवटी. मार्थाबाई बाहेर लाकडं बघायला गेल्या होत्या. चाचा एक वाडगा आणि कुंचला घेऊन आले आणि ओळीच्या पहिल्या पावावर पिवळं काहीतरी फिरवायला लागले. मला आधी वाटलं तूप असेल. मग वाडग्याच्या काठावर कवचाचा तुकडा दिसला.

अंडं. पावाला चकाकी यावी म्हणून ते वरून अंडं फिरवत होते.

मी इकडेतिकडे पाहिलं. मार्थाबाई नाहीत. चाचांचा हात झपाझप चालला होता. तिसरा पाव, पाचवा, सातवा. चाचांना काय म्हणायचं, एवढ्या बायकांसमोर कसं म्हणायचं? कुंचला शेजारच्या पावावरून उचलला गेला आणि आमच्या पावावर आला.

"थांबा! न्हाई! अंडं नगं!"

तो आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. चाचांचा हात हवेत थांबला. आणि कुंचल्याच्या टोकावरून एक थेंब, सावकाश, आमच्या पावाच्या कडेवर पडला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मार्थाबाई धावत आत आल्या. मी बोट दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "चाचा, हा माळकरी म्हातारीचा! सांगायचं राहिलं हो माझं."

"एका थेंबानं काय हुतंय?" मागून एक बाई म्हणाली. "कुनाची माळ तुटत न्हाई. पुसून टाका आन् घाला भट्टीत, आमचं पाव खोळंबलंत."

"म्हातारीला कोन सांगाया जातंय?" दुसरी म्हणाली.

चाचांनी वाडगा खाली ठेवला. "मी सांगायला जाईन ना वर," ते आभाळाकडे बोट करून म्हणाले. "खानेवाल्याला म्हाईत न्हाई म्हनून खायला घालायचं, ते आमच्यात बी बसत न्हाई. थांब बेटी." त्यांनी हात साबणाने धुतले, कोरडे केले. मग जिथे थेंब पडला होता तिथे चांगलं चिंचेएवढं पीठ चिमटीने खुडून बाजूला टाकलं. थेंब पिठात मुरायच्या आत निघून गेला. पावाला कडेला एक खाच पडली. मग त्यांनी कोरा फडका दुधसाखरेत बुडवून वरून फिरवला. "बिनअंड्याची चकाकी," ते म्हणाले. "आनि वळखायला सोपं. बाकी सारे गोल, ह्याचा तेवढा कान कापलाय."

सगळ्या हसल्या. खोळंबा झाला म्हणून कुरकुरणारी बाईसुद्धा हसली. याकोबदादा दारातून म्हणाले, "हौसाताई, काल झाडाखाली बोलंना, आन् आज काय आवाज! आमच्या सुभेदाराचा बी असा न्हवता. सर्ज्या बाहीर दचकला की."

भट्टीतून पाव निघाले तेव्हा पंचवीस-तीस सोनेरी टोप्यांमधून आमचा कानकापला मी लांबूनच ओळखला. बाकीच्यांइतकाच फुगला होता.

त्या संध्याकाळी वाडीतल्या चांदण्या पेटल्या. पोरं काळे कागद जाळून शेकत होती. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मी दाराजवळ बसले. पेटी, टाळ, ढोलकी, आणि चाली अशा की आमच्या देवळात बसल्यासारखं वाटावं. फक्त गोष्ट गोठ्यात जन्मलेल्या बाळाची. बाळ आणि गोठा, यात मला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. दुपारी प्रीतिभोजन (सगळ्या वाडीने एका पंगतीत बसून जेवायचं) झालं. मटणाची पातेली एका अंगाला आणि माझ्यासाठी वांग्याची भाजी, भाकरी, बुंदी दुसऱ्या अंगाला. मार्थाबाई स्वतः मटण सोडून माझ्या शेजारी वांगं खायला बसल्या. मी पोटभर जेवले आणि वर बुंदी मागून घेतली.

परतीला पाव नव्या फडक्यात बांधून टोपलीत घातला. तुपाचा डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात करंज्या भरल्या. नगरहून काष्टीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "बाई, टोपली टपावर टाका."

"टपावर नाही टाकणार," मी म्हणाले. एकदा आवाज फुटला की फुटतो.

शेजारी रजेवर निघालेला एक जवान होता. "मावशी, एवढं जपताय, बॉम्ब हाय का काय?"

"पाव आहे. माझ्या सासूबाईंसाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, उठला आणि आपली जागा टोपलीला दिली. मला नव्हे, टोपलीला. मी उभीच होते, पण मला काही वाटलं नाही. सगळ्या वाटेने वेलचीचा वास येत राहिला.

आत्याबाई अंगणात उन्हाला घोंगडीवर बसल्या होत्या. मी गेल्यापासून त्या दुपारी तिथेच येऊन बसायच्या, असं नंतर कळलं. मी टोपली पुढ्यात ठेवली, फडकं सोडलं.

"आन् ह्यो कुनी कुरतडला? उंदरानं?" त्यांनी खाचेवर बोट ठेवलं.

मी थेंबाची, चाचांची, माझ्या ओरडण्याची सगळी हकिकत सांगितली. त्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

"तू वरडलीस? तू?"

"हो."

"बेकरीत? माझ्यासाठी?"

मी मान हलवली. आत्याबाईंनी पाव हातात घेतला आणि खाचेच्या जागीच एक तुकडा मोडला. मी दुधाची वाटी पुढे केली, पण त्यांनी तो तसाच तोंडात टाकला. जबडा हळूहळू हलत होता. मी त्यांच्या घशाकडे बघत होते. घास खाली उतरला. त्यांनी दुसरा मोडला. मग तिसरा. मधेच म्हणाल्या, "मनुकं लई घातलीत गं," आणि चौथा मोडला.

त्या वेळी मला इटलीतली ती बर्फातली म्हातारी आठवली. तिने चुलीपुढे बसवलेल्या कुणा परक्या जवानाला पाव दिला, आणि तो पाव कुठून कुठे फिरत आमच्या अंगणात येऊन पोहोचला. तिला हे कधीच कळणार नाही. मी दोन दिवसांचा प्रवास केला, त्या पावाने केवढा केला.

आत्याबाईंनी उरलेला पाव फडक्यात नीट गुंडाळला आणि माझ्याकडे दिला. "पोरांना दे. मार्थीला लिही, म्हनावं गोड हुता, पर गोडच हुता." मग त्यांनी ओठ पुसले आणि घराकडे बघून म्हणाल्या, "तोंड गोडमिट्ट झालंय. उठ, तवा ठेव. एक भाकरी टाक बाजरीची, आन् वर मिरचीचा ठेचा दे. भूक लागलीया मला."

मी पायही न धुता चुलीकडे धावले.